दोन नंबरचा सिलिंडर आणि बुजवलेली चार भोकं

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर आधीच बरेच प्रयोग झाले होते. चार नवे प्लग, चार नव्या कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, टाकीत कसलंसं ॲडिटिव्ह. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मीटरवर ९६,००० किलोमीटर. आताच्या मालकांनी ती दोन महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. सकाळी सुरू केली की ठीक, पण वीस मिनिटं चालवून सिग्नलला थांबलं की स्टिअरिंग थरथरतं, इंजिन मिसिंग मारतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, ही तक्रार. बदललेला एकही पार्ट तपासून बदललेला नव्हता. स्कॅनरवर मिसफायरचा कोड दिसला की प्लग-कॉइल बदलून मोकळं व्हायचं, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. कोड फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

कोड तीन होते: पी०३००, पी०३०२ आणि पी०१७१. पहिल्या दोघांचा अर्थ मिसफायर, त्यातही दोन नंबरला जास्त. तिसरा म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. सोबत साठवलेल्या नोंदीत कूलंट ९१ अंश आणि ७२० आरपीएम होते. हे ९१ अंश मी वाचले आणि पुढे गेलो.

फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, पाहिलं. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचं, लाँग टर्म म्हणजे साठत आलेलं. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म अधिक १९ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ६. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरलं तर दोन्ही मिळून अधिक ५. या फरकावर बरंच काही ठरतं. कुठूनतरी चोरून हवा शिरत असेल, तर आयडलला, जेव्हा इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, तेव्हा तिचा वाटा मोठा असतो. थ्रॉटल उघडला की तीच गळती एकूण हवेत किरकोळ ठरते. फ्युएल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलट झालं असतं. लोड वाढेल तसं ट्रिम वर चढलं असतं. मात्र हे गणित या गाडीसारख्या, आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांना लागू पडतं. हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या नुसत्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या इंजिनात तीच गळती बहुधा चढलेल्या आयडलच्या रूपात दिसते आणि ट्रिम जवळपास शांत राहतं.

एअर फिल्टरच्या पुढची नळी बंद करून अगदी कमी दाबाने धूर सोडला. इनटेक मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूने, दोन नंबरच्या रनरजवळून, म्हणजे त्या सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीजवळून, बारीक रेघ निघाली. आरसा धरून पाहिलं, तर चारही रनरला एकेक भोक पाडलेलं आणि वरून सीलंट लावून बुजवलेलं. दोन नंबरचं सीलंट तडकलं होतं.

गॅस किटचे नोझल अशाच ठिकाणी बसवतात. मग बाकीच्या खुणाही सापडल्या. इंजेक्टरच्या चारही वायरी कापून पुन्हा जोडलेल्या, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेली. डिकीच्या पत्र्यात चार बोल्टची भोकं, वरून काळा रंग. गाडी गॅसवर चाललेली होती आणि विकण्याआधी किट काढलं होतं. मालकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. गॅसवर चाललेली गाडी वाईट असते असं मुळीच नाही, पण ते लपवणं म्हणजे पुढच्या मेकॅनिकपासून आजाराचा इतिहास लपवणं आहे.

मॅनिफोल्ड खाली उतरवला. जागेवरच आटे पाडले तर कीस थेट व्हॉल्व्हवर जातो, त्यामुळे तिथे घाई करत नाही. ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड होता, म्हणून चारही भोकांत एम६चे आटे पाडून सीलिंग लावलेले स्क्रू प्लग बसवले, नवी गॅस्केट टाकली. वायरींचे जोड सोल्डर करून हीट श्रिंक चढवली. ट्रिम अधिक ३ वर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, पाहिलं: १२.४, १२.१, १२.५, १२.४ बार. गाडी दिली.

आठ दिवसांनी ती परत आली. या वेळी फक्त पी०३०२. ट्रिम उत्तम. थंड असताना आयडल स्थिर, १,५०० च्या वर स्वच्छ, पण गरम आयडलला दोन नंबर हुकतोच. दोनची कॉइल तीनला, प्लग एकला, इंजेक्टर चारला टाकला. मिसफायर दोनवरच राहिला. म्हणजे विजेचा आणि पेट्रोलचा प्रश्न संपला. राहिलं यांत्रिक.

तेव्हा कुठे ते ९१ अंश आठवले. बिघाड गरम इंजिनात होता आणि कॉम्प्रेशन मी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर घेतलं होतं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जाण्याची भीती असते, म्हणून बहुतेक जण थंडच तपासतात. या वेळी इंजिन पूर्ण गरम करून बंद केलं, दहा मिनिटं थांबलो आणि प्लग थोडे ढिले, थोडे परत, असे हळूहळू सोडवले. इंजेक्टर आणि कॉइलची कनेक्टर काढली, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला सहा फेरे. आकडे: १३.०, ८.२, १२.९, १३.१.

दोन नंबरमध्ये पाच मिलिलिटर तेल सोडून पुन्हा घेतलं: ८.५. रिंगा गेल्या असत्या तर आकडा चांगला उसळला असता. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, क्रँक घट्ट धरून लीकडाउन लावलं, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून किती गळते ते मोजलं. ४५ टक्के हवा पळत होती. थ्रॉटलला कान लावला, शांत. तेलाच्या झाकणापाशी शांत. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट फुसफुस. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता.

इंजिन थंड करून फिलर गेज लावला. या इंजिनाला एक्झॉस्टचा गॅप, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हवरचा टॅपेट यांच्यातली फट, थंडीत ०.३० मिलिमीटर हवा. दोन नंबरला एका व्हॉल्व्हवर निघाला ०.०४, दुसऱ्यावर ०.१४. बाकीचे सहाही कमीच, ०.१८ ते ०.२२. गॅस कोरडा असतो. पेट्रोलचा पातळ थर आणि त्यातले घटक सीटला जो थोडा आधार देतात, तो मिळत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो, त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटचा गॅप खातो. थंडीत ०.०४ उरतो म्हणून कॉम्प्रेशन मिळतं. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, गॅप शून्याखाली जातो आणि व्हॉल्व्ह उघडा राहतो. आयडलला प्रत्येक फेऱ्याला गळायला वेळ जास्त मिळतो, म्हणून तिथेच हुकतो. रेस दिली की तो वेळच उरत नाही. आणि या सगळ्याचा आवाज नाही. ढिला टॅपेट टकटक करून लगेच लक्ष वेधतो. घट्ट टॅपेटचं इंजिन उलट शांत वाटतं.

या इंजिनात गॅप जुळवायला शिम, म्हणजे पातळ चकत्या, नाहीत; वेगवेगळ्या जाडीच्या बकेट, म्हणजे टोपीसारखे टॅपेट, असतात. टायमिंग चेन लॉक करून कॅमशाफ्ट उतरवली. जुन्या बकेटची जाडी अधिक मोजलेला गॅप, वजा हवा असलेला गॅप: ५.४८ अधिक ०.०४ वजा ०.३० म्हणजे ५.२२. आठही एक्झॉस्टचं असं गणित मांडून बकेट बसवल्या, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून गॅप पुन्हा मोजले. गरम कॉम्प्रेशन: १३.०, १२.२, १३.०, १३.१. मिसिंग गेलं.

पण गरम लीकडाउन दोन नंबरला अजून १४ टक्के आहे, बाकी तिघांना ७ ते ९. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतांश उष्णता सीटवर टेकूनच हेडला देतो. तो किती दिवस न टेकता तापत राहिला आणि त्याची कड किती जळली, ते हेड उतरवल्याशिवाय दिसणार नाही. मालकांना मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी हेड आत्ता नको म्हटलं, आणि आकडे पाहता मीही आग्रह धरला नाही.

माझं मन अडकलंय ते पहिल्या भेटीत. ती चार भोकं पाहिली तेव्हाच गॅस आणि व्हॉल्व्ह सीट हे नातं डोक्यात यायला हवं होतं. मी भोकं बुजवली, ट्रिम सुधारलं आणि उत्तर मिळालं असं धरून चाललो. व्हॉल्व्ह कव्हर काढून फिलर गेज लावायला फार वेळ लागला नसता, आणि ते आठ दिवस तो व्हॉल्व्ह तापला नसता. वहीत दोन नंबरपुढचा तो १२.१ आजही दिसतो. इतका फरक कुठल्याही मापाने बिघाड ठरत नाही.

५,००० किलोमीटरनंतर गाडी येईल. गरम लीकडाउन २० च्या पुढे गेलेलं असेल, तर हेड उतरवायचं ठरलंय.