घारापुरीची लेणी: आधी मूर्तीचा उजवा हात शोधा

गेटवेहून सुटलेली लाँच तासाभरात घारापुरीला लागते. लांबलचक धक्का चालत किंवा छोट्या आगगाडीने पार करायचा, मग दुकानांच्या रांगांमधून साधारण १२० पायऱ्या चढायच्या. मी सकाळच्या पहिल्या लाँचने जातो, कारण आत उजेड फार थोडा शिरतो आणि तो पूर्वेच्या दाराशी सकाळीच चांगला असतो. सोमवारी लेणी बंद असतात. खाण्याची पिशवी हातात ठेवू नका, माकडं ती सोडत नाहीत.

पायऱ्या संपल्या की पहिल्या लेण्याचं उत्तरेकडचं दार लागतं. बहुतेक लोक इथून शिरून समोरच्या अंधारातल्या तीन मुखांकडे सरळ चालू लागतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. शिल्पांचा विषय आणि अर्थ लावायचा असेल तर हा क्रम सोडा. आत आल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय कोपऱ्यातल्या लहान आकृती दिसतच नाहीत, आणि ओळख पटते ती त्यांच्यामुळेच.

इथे नाव सांगणारा एकही लेख नाही. पोर्तुगीज काळात लेण्याच्या दारावरचा शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला गेला आणि तो पुढे हरवला, अशी नोंद दिओगो द कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने केली आहे. शैली, आणि बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी यांवरून काळ सहाव्या शतकाचा मानतात. कोणतं शिल्प कशाचं, हे मात्र शिल्पालाच विचारावं लागतं.

विचारायचं कसं? पहिलं काम म्हणजे डावं-उजवं पक्कं करणं. मूर्तिशास्त्रात उजवा हात म्हणजे मूर्तीचा उजवा हात, म्हणजे आपल्या डाव्या बाजूचा. इथे घोटाळा झाला की पुढचं सगळं उलटं लागतं. मग वाहनं पाहायची: वरच्या भागात हंस दिसले की ब्रह्मा, गरुड दिसला की विष्णू, हत्ती दिसला की इंद्र. नंतर हातातल्या वस्तू. मोठ्या मूर्तीचा चेहरा सगळ्यात शेवटी. पोर्तुगीज अमलात आणि त्यानंतरही इथे खूप मोडतोड झाली आहे. हात आणि पाय आधी गेले, वर कोपऱ्यात असलेले देव त्या मानाने वाचले.

उत्तर दाराशीच याची परीक्षा होते. शिरताना उजवीकडे नटराज आहे. हातपाय तुटले असले तरी कमरेच्या वळणावरून नृत्य कळतं. डावीकडे योगीश्वर कमळावर पद्मासन घालून बसलाय. पूर्वी काहींनी त्याला बुद्ध समजलं. एकटी मूर्ती पाहिली तर चूक सहज होते: पद्मासन, मिटल्यासारखे डोळे, खाली कमळाचा देठ धरणारे नाग. सगळं लेणं शिवाचं आहे हे लक्षात घेतलं आणि समोरच्या नटराजाशी जोडी लावली, की कळतं: दाराच्या एका बाजूला नाचणारा शिव, दुसऱ्या बाजूला निश्चल बसलेला.

आता पूर्वेच्या दाराशी जा. मला वाटतं, लेण्याची खरी सुरुवात इथे आहे. इथून सरळ पश्चिमेकडे पाहिलं की चार दारांचा गाभारा आणि त्यातलं लिंग एका रेषेत येतं. गाभाऱ्याच्या प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल. पूर्वेच्या ओसरीत समोरासमोर दोन कैलास आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर शिव-पार्वती बसलेले आहेत. याला सारीपाटाचं शिल्प म्हणतात. उत्तरेच्या भिंतीवर रावण कैलास हलवतोय. हे शिल्प फार झिजलंय, म्हणून ते खालून वर पाहायचं: तळाशी रावणाच्या देहाचा उरलेला भाग, वर डोंगराचे ठोकळे, त्यावर शिव.

मग मुख्य दालनाची दक्षिणेची भिंत. तीन मुखांचं शिल्प साडेपाच मीटरच्या आसपास उंच आहे. एमटीडीसीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, बोधचिन्हावर हेच आहे आणि बोलताना सगळे त्याला त्रिमूर्ती म्हणतात. त्या नावामुळे ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ लावला जातो. तो मला पटत नाही. मूर्तीच्या उजवीकडचं मुख पाहा: मिशी, कपाळाला आठ्या, हाताशी नाग, जटेत कवटी. हा अघोर, शिवाचं उग्र रूप. डावीकडचं मुख नाजूक, कुरळे केस, मोत्यांचे सर, हातात कमळ. हा वामदेव, आणि 'वाम' म्हणजे डावा. मध्ये शांत तत्पुरुष. हातातल्या वस्तू एकट्या शिवाच्याच रूपांकडे बोट दाखवतात, म्हणून अभ्यासक याला सदाशिव, म्हणजे पाच मुखांचा शिव, म्हणतात. चौथं मुख मागे, पाचवं वर, दोन्ही न कोरलेली.

टॉर्च लावायची झाली तर समोरून नको, सगळं सपाट दिसतं. बाजूने तिरका उजेड टाकला की मिशीची कड आणि कवटी उठून येते. हात मात्र लावू नका.

सदाशिवाच्या आपल्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर आहे. एकच स्तन पाहून काही जुन्या युरोपीय प्रवाशांना ही ग्रीक कथेतली लढवय्यी स्त्री वाटली होती. उजव्या अर्ध्या अंगाचा हात नंदीवर टेकलाय आणि वरच्या हातात नाग. डाव्या अर्ध्या अंगाच्या हातात आरसा. मुकुटसुद्धा दोन तऱ्हांचा आहे. म्हणजे पुरुष उजवीकडे, स्त्री डावीकडे, शेजारच्या सदाशिवात जशी मांडणी आहे तशीच. सदाशिवाच्या पलीकडे गंगाधर, म्हणजे गंगेला मस्तकावर झेलणारा शिव. तिथेही पार्वती शिवाच्या डावीकडेच उभी. विषय ओळखायचा तर शिवाच्या मस्तकाच्या वर पाहा: तीन मस्तकांची स्त्री, म्हणजे गंगा. खाली पायाशी गुडघे टेकलेली लहान आकृती भगीरथाची. या दोन आकृती नजरेतून सुटल्या तर हे नुसतं उभं जोडपं वाटतं.

डावी-उजवीची ही घडी डोळ्यांत बसली, की पश्चिमेच्या ओसरीत चला. तिथल्या दक्षिणेच्या भिंतीवर ती मोडलेली आहे: पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे. हे लग्न आहे, कल्याणसुंदर. आपल्याकडेही धर्मकार्यात पत्नी पतीच्या उजव्या हाताला बसते, त्यामुळे मराठी माणसाला ही खूण लगेच पटावी. ब्रह्मा भटजी होऊन अग्नीपाशी बसलाय. पार्वतीमागे पाण्याचा कलश घेतलेला चंद्र, डोक्यामागच्या कोरीवरून ओळखू येणारा. पाणिग्रहणाचे हात मोडले आहेत, पण पार्वतीची खाली झुकलेली मान शाबूत आहे. माझ्या मते अख्ख्या लेण्यात इतकं हळुवार काम दुसरं नाही, आणि गर्दी इथवर क्वचितच येते.

तिथेच वळून उभं राहा. समोर उत्तरेच्या भिंतीवर तोच शिव सुळे बाहेर आलेला, आठ हातांचा, पाठीशी हत्तीचं कातडं ताणलेला. कमरेखालचा भाग गेलाय. वर शस्त्रावर टांगलेला छोटा देह अंधकासुराचा. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा राहायचा, म्हणून शिवाच्या एका हातात वाडगा आहे. तो थेंब झेलण्यासाठी धरलाय, अंधकाच्या बरोबर खाली.