विठ्ठल, आम्ही दोघं आणि काउन्सेलिंग

काउन्सेलरकडे जायचं म्हटल्यावर मला सगळ्यात जास्त भीती ही होती की ती बाई आमच्या माळेला, एकादशीला हसेल. आमचं घर वारकरी, यांचा संध्याकाळचा हरिपाठ चुकत नाही. मुलगी शिकायला जर्मनीला गेली, त्याच सुमारास यांनी व्हीआरएस घेतली आणि माझी पाळी मागेपुढे व्हायला लागली, सगळं एकदमच आलं. रात्री घामाने जाग यायची, चिडचिड, उगाच रडू, आणि हे दिवसभर घरात पण बोलायला गेलं की "नाम घे, बरं वाटेल" एवढंच.

आधी गायनॅककडे गेले आणि सगळ्यांना हेच सांगते की आधी तिथे जा. थायरॉईड तपासलं, कारण त्याची लक्षणं आणि या वयातली लक्षणं बरीच सारखी असतात. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणायचा, पण त्याआधीची काही वर्षं हार्मोन्स वरखाली होतात आणि झोप, मूड सगळं बिघडतं, हे तिथेच कळलं. काउन्सेलिंगचंही त्यांनीच सुचवलं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआय रजिस्टर्ड, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या आहेत एवढं बघून घेतलं. मॅडम आधी दोघांना वेगवेगळं भेटल्या, कारण घरात मारहाण, धाक आहे का हे बाईला एकटीलाच विचारायचं असतं. मग म्हणाल्या, कठीण वेळी तुम्ही कशाचा आधार घेता, देवाधर्माचं असेल तर तेही इथे बोला. इतकं हलकं वाटलं मला! आणि त्यांनी उपास, तोडगे, अमुक जप असलं काही सांगितलं नाही. धर्माच्या नावाने बाईनेच सोसावं असं सांगणारेही भेटतात, तिथून सरळ उठून यावं असं माझं मत आहे.

मी त्यांना सांगितलं की मला पांडुरंगाचाच राग येतो आणि मग पाप केल्यासारखं वाटतं. त्यांनी विचारलं, जनी विठ्ठलाशी कशी बोलते हो? मी म्हटलं, भांडते, चक्क शिव्या घालते. "मग तिची भक्ती कमी पडली का?" मी जे रडले ते थांबेचना, इतकी वर्षं भजनात म्हणतोय आणि ते माझ्यासाठीपण आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

यांना विचारलं, हरिपाठ म्हणताना मनात काय असतं? हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, नोकरी सुटल्यापासून मला कोणी विचारत नाही असं वाटतं, तेवढा वेळच बरा जातो, ही रडायला लागली की काय करावं कळत नाही म्हणून नाम घे म्हणतो. मला वाटायचं यांना माझी पर्वाच नाही!

मग हरिपाठ झाला की रोज २० मिनिटं बसायचं ठरलं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. सुरुवातीला फार अवघडायला व्हायचं, हे दर वाक्याला उपाय काढायचे. आता बऱ्यापैकी ऐकतात. भांडणं होतात अजून, पण अबोला आठवडाभर चालत नाही.

फी परवडत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या भजनी मंडळातल्या दोघींना दिलाय. एकीने लगेच लावला, दुसरी म्हणते तू शेजारी बस मग करते, तर या रविवारी तिच्याकडे जाणार आहे.