‘सगळे’, ‘किमान’, ‘फार तर’: भागाकाराचा तिसरा टप्पा

डेटाबेसमध्ये ‘यादीतलं सगळं कुणाकडे आहे’ हे शोधणारी क्रिया म्हणजे भागाकार, आणि ती लिहिण्याचा हा तिसरा टप्पा. चाचणीचा डेटा आधीच्या टप्प्यांतलाच: कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतली काल्पनिक दुकानं, कांदा-लसूण मसाल्याचे जिन्नस, आणि प्रश्न एकच. यादीतलं सगळं एकाच दुकानात कुठं मिळेल?

संगणकशास्त्रज्ञ कॉडनं १९७२ मध्ये रिलेशनल बीजगणितात (टेबलांवरच्या क्रियांच्या गणितात) भागाकार दिला, पण एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत त्याला स्वतःचा शब्द मिळाला नाही. मग नॉट एक्झिस्ट्सच्या (‘अशी ओळच नाही’ या अटीच्या) पोटात नॉट एक्झिस्ट्स घाला, म्हणजे ‘दुकानात नाही असा यादीतला जिन्नसच नाही’, नाहीतर काउंट, म्हणजे ओळींची मोजणी, जुळवा. काउंट दिसायला सोपा, पण फसवतो. यादी धरा: मिरची, धने, तीळ, खोबरं. एका दुकानाच्या साठ्यात चार ओळी: ब्याडगी मिरची, संकेश्वरी मिरची, धने, खोबरं. चारास चार, दुकान पास! तीळ कुठायत? काउंट डिस्टिंक्ट (वेगवेगळ्या जिन्नसांचीच मोजणी) हवा, आणि त्याआधी यादीशी जॉइन, म्हणजे साठ्याच्या ओळी यादीशी जुळवणं, नाहीतर साबणाची ओळसुद्धा मोजली जाते.

म्हणून डेटाबेस संशोधक ग्रेफचा १९८९ चा हॅश-भागाकार घेतलाय. यादीच्या हॅश टेबलात (नावावरून नोंद थेट सापडणाऱ्या तक्त्यात) प्रत्येक जिन्नसाला क्रमांक, दुसऱ्या टेबलात दर दुकानाला एक बिटमॅप, म्हणजे दर जिन्नसाला ० किंवा १ असं एक बिट. साठ्याची ओळ यादीत बसली नाही तर सोडायची, बसली तर तिचं बिट लावायचं. वरच्या दुकानाचं होतं ११०१. दुसरी मिरची आली तरी तेच बिट पुन्हा लागतं, बिघडत काही नाही. ६४ जिन्नसांपर्यंत दर दुकानाला ८ बाइटांचा बिटमॅप पुरतो, साठा एकदाच वाचायचा, सॉर्टिंग नाही.

आता या टप्प्यातलं खरं काम. क्रियेला ‘किमान’ आणि ‘कमाल’ अशा दोन मर्यादा जोडल्या. नवं बिट लागलं तरच दुकानाची मोजणी १ नं वाढते. ‘किमान ३’ विचारलं तर मोजणी ३ झाल्याक्षणी दुकान बाहेर काढता येतं, कारण मोजणी कधी कमी होत नाही. ‘फार तर १’ला मात्र साठा संपेपर्यंत थांबावं लागतं.

गोची इथंच झाली. यादीतला एकही जिन्नस नसलेलं दुकान दुसऱ्या टेबलात येतच नाही, म्हणजे ‘फार तर १’च्या उत्तरातून गळतं. यादी रिकामी असली तर ‘सगळे’ची अट प्रत्येक दुकान पाळतं, दुहेरी नॉट एक्झिस्ट्स तसंच सांगतं, आपली क्रिया मात्र एकही दुकान देत नव्हती. उपाय: दुकानांची यादी हे तिसरं इनपुट, आणि साठा वाचण्याआधी सगळ्यांची शून्य बिटमॅपनं नोंद. थोडी मेमरी जाते, जाऊ दे.

नॉट इन (‘या उत्तरांत नाही’ ही अट) वापरून उत्तरं पडताळू नका. सबक्वेरीत, म्हणजे आतल्या प्रश्नाच्या उत्तरात, एक नल (अज्ञात किंमत) आला की निकाल रिकामा. पडताळणीला अँटी-जॉइनच (जोडी न सापडलेल्या ओळीच ठेवणारा) बरा.

पुढचा टप्पा: दर गिऱ्हाइकाची यादी वेगळी. तिथं हॅश टेबलात नोंद शोधायची किल्ली गिऱ्हाईक आणि दुकान अशी जोडी होते आणि टेबल फुगतं, त्यामुळे आधी गिऱ्हाइकांचे भाग पाडून एकेक भाग मेमरीत घ्यायचा बेत आहे. साठा मग भागागणिक पुन्हा वाचावा लागेल.