घड्याळातले बारा आणि माथ्यावरचा सूर्य

‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य दोन्हीकडून चुकीचं आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या पलीकडे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही आणि या दोघांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून फक्त दोनदा येतो. शिवाय तो सर्वांत उंच येतो ती वेळ बाराचीच निघाली तर तो योगायोग. फरक अर्ध्या तासाचाही असू शकतो, आणि तो दिवसागणिक बदलत राहतो. पृथ्वीची गती समजून घ्यायची असेल तर हा फरक स्वतः मोजण्यासारखा दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही. दुर्बीण लागत नाही, साधा शंकू पुरतो.

शंकू म्हणजे सपाट फळीवर उभी केलेली काठी. पण नुसत्या काठीच्या टोकाची सावली पुसट पडते. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे २५ सेंटीमीटरच्या काठीचं टोक कागदावर चारपाच मिलिमीटर रुंदीत विरघळतं. म्हणून उभ्या पट्टीच्या डोक्यावर तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा आडवा बसवा आणि त्यात २ मिलिमीटरचं भोक पाडा. पत्र्याच्या सावलीत उजेडाचा छोटा लंबगोल ठिपका पडतो. त्याचा मध्य पेन्सिलीनं अचूक टिपता येतो. पट्टी सूर्याच्या बाजूच्या कडेला ठोका, म्हणजे ती ठिपक्याच्या वाटेत येत नाही.

आता भोकातून ओळंबा सोडून त्याच्या बरोबर खालचा बिंदू कागदावर नोंदवा. सगळी मापं या बिंदूपासून घ्यायची आहेत, त्यामुळे पट्टी किंचित तिरकी असली तरी चालतं. फळी मात्र तिरकी चालत नाही. ती पूर्व-पश्चिम दिशेत १ अंश कलली तरी मध्यान्हाची, म्हणजे सूर्य सर्वांत उंच येण्याची, वेळ काही मिनिटांनी चुकते, आणि मग आपण जो फरक मोजायला बसलो तोच हाती लागत नाही. पाणसळ एकदा ठेवून पाहा, मग तिचीच टोकं उलटसुलट करून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा बुडबुडा पाणसळीवरच्या त्याच खुणेशी आला तरच फळी सपाट.

सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपणं ही नेहमीची चूक. मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे तो क्षण डोळ्याला सापडत नाही. त्याऐवजी मध्यान्हाच्या आधी अडीच तासांपासून अर्ध्या-अर्ध्या तासानं तीनचार ठिपके टिपा, शेजारी सेकंदासकट वेळ लिहा. ओळंब्याचा बिंदू मध्य धरून प्रत्येक ठिपक्यातून वर्तुळ काढा. दुपारनंतर उजेडाचा ठिपका त्याच वर्तुळांवर उलट क्रमानं परत येतो. सकाळी ९:५०:०० ला टिपलेल्या वर्तुळावर तो दुपारी २:५४:२० ला आला, तर दोन्हींच्या मधली वेळ १२:२२:१०, म्हणजे त्या दिवसाचा खरा मध्यान्ह. सगळ्या जोड्यांची सरासरी घ्या. एखादी जोडी फारच वेगळी निघाली तर फळीला धक्का लागला असं समजा. एका वर्तुळावरचे दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि त्या रेषेच्या मध्यातून ओळंब्याच्या बिंदूकडे गेलं की उत्तर-दक्षिण रेषा. ती पक्की शाई लावून ठेवा, पुढे उपयोगी पडते.

ही १२:२२ कुठून आली? पहिला वाटा जागेचा. घड्याळ ज्या रेखांशावर लावलेलं असतं त्याच्या पश्चिमेला दर अंशामागे मध्यान्ह ४ मिनिटं उशिरा होतो. आपण २ अंश पश्चिमेला असू तर ८ मिनिटं, वर्षभर तेवढीच. उरलेली १४ मिनिटं सूर्याची. ही ११ फेब्रुवारीच्या सुमाराची स्थिती. त्याच जागी ३ नोव्हेंबरच्या आसपास सूर्य सुमारे १६ मिनिटं आधी येतो आणि मध्यान्ह ११:५२ लाच होतो. सूर्याच्या वाट्याच्या या फरकाला कालसमीकरण म्हणतात. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास तो शून्य असतो.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते. पण तोवर ती सूर्याभोवती सुमारे १ अंश पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा मध्यावर यायला तिला आणखी जवळजवळ ४ मिनिटं वळावं लागतं. ही ‘जवळजवळ’च सगळी गंमत करते. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर, आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते. जुलैच्या सुरुवातीला अंतर १५.२१ कोटी होतं आणि वेग २९.३ वर येतो. वेग जास्त, तर रोजचं जादा वळणही जास्त. दुसरं कारण पृथ्वीच्या २३.४ अंश कललेल्या आसाचं. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या, दिवसांत सूर्याची वाट विषुववृत्ताला तिरकी छेदते, त्यामुळे रोजच्या एका अंशातला काही भाग उत्तर-दक्षिणेत खर्च होतो. अयनदिनांच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, सुमारास ती वाट समांतर होते आणि सगळी चाल पूर्वेकडे लागते. डिसेंबरच्या शेवटी दोन्ही कारणं एकाच बाजूला ओढतात, म्हणून एका मध्यान्हापासून दुसरा मध्यान्ह २४ तास आणि सुमारे ३० सेकंदांवर येतो. सप्टेंबरच्या मध्यास तेच अंतर २४ तासांहून सुमारे २१ सेकंदांनी कमी असतं. सेकंद किरकोळ वाटतात, पण महिनाभर साचले की त्यांची मिनिटं होतात.

उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, तरी सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्या दिवशी नसतो, तो याचमुळे. त्या दिवसांत मध्यान्हच रोज अर्धा मिनिट पुढे ढकलला जातो आणि आपल्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्त दोघांनाही ओढून नेतो. २० अंश उत्तरेला सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास. ४० अंशांवर या तारखा अयनदिनाच्या जवळ सरकतात: ७-८ डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला आठवडा.

चंद्राच्या बाबतीत तर सरासरीवर विसंबणं आणखी महागात पडतं. तो ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेला सरकतो, म्हणजे तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा. जवळच्या एखाद्या ताऱ्यावर नजर ठेवली तर एका रात्रीत हे दिसतं. त्यामुळे चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटं मागे पडतो. महिन्यातून एखादी तारीख चंद्रोदयाशिवायच जाते, कारण आदल्या रात्री बाराच्या आत उगवलेला चंद्र पुढच्या वेळी थेट बारा उलटून गेल्यावर उगवतो. चंद्रोदयाच्या तक्त्यात रिकामी जागा दिसली तर ती छपाईची चूक नव्हे. आणि ५० मिनिटं हीसुद्धा सरासरीच. मध्यम उत्तर अक्षांशांवर सप्टेंबरच्या पौर्णिमेला चंद्राची वाट पूर्व क्षितिजाशी फार निजलेली असते, त्यामुळे तेच १३ अंश सरकूनही तो क्षितिजाखाली थोडाच जातो आणि उशीर अर्ध्या तासाच्याही खाली येतो. मार्चमध्ये वाट उभी असते आणि उशीर तासाच्या वर जातो.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून डिसेंबरमध्ये तो जूनच्या सूर्याच्या वाटेनं जातो. हे त्याच फळीवर तपासता येतं. भोकातला ठिपका चंद्रप्रकाशात दिसत नाही, तेव्हा पत्रा काढून भोकाच्याच जागी तारेवर १ सेंटीमीटरचा मणी बसवा. मण्याची सावली शाईच्या उत्तर-दक्षिण रेषेवर आली की खूण करा. ती सूर्याच्या जूनमधल्या मध्यान्हाच्या खुणेजवळ पडेल, पण बरोबर तिच्यावर नाही: चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे ५ अंश कललेली आहे, आणि २५ सेंटीमीटरच्या उंचीला त्याचे दोनतीन सेंटीमीटर होतात. या कलाची दिशा १८.६ वर्षांत एक फेरी घेते. २०२४-२५ मध्ये चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला २८ अंशांच्या वर चढत होता. २०३४ च्या सुमारास तो १८ अंशांच्या थोडा पुढे जाऊनच परत फिरेल, आणि डिसेंबरची खूण जूनच्या खुणेच्या दुसऱ्या बाजूला पडलेली असेल.