मध्येच थांबायचा हक्क

समुद्रकाठच्या शहरात हॉटेलच्या काउंटरवर एक कागद हमखास मिळतो. सकाळी आठला निघायचं, समुद्र मागे टाकून डोंगरात शिरायचं, वरची दोन-तीन ठिकाणं बघायची आणि दिवे लागायच्या सुमाराला परत. गाडी फक्त तुमची, ड्रायव्हरही फक्त तुमचा. हीच सहल बसने केली तर किती पडेल, तेही त्याच्याखाली छापलेलं असतं. दोन्ही आकडे लागोपाठ वाचले की माणूस आधी दचकतो, मग घरच्या मंडळींच्या संख्येने मोठ्या आकड्याला मनातल्या मनात भागतो आणि "तसं काही फार नाही" म्हणून मोकळा होतो.

पण हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? डोंगर तोच, दरीही तीच. एसी बसलाही असतो. उलट बसची खिडकी उंच असल्यामुळे कठड्यापलीकडचं तिच्यातून जास्त दिसतं. मला विचाराल तर ते पैसे एकाच गोष्टीचे असतात: वाटेत कुठेही "जरा थांबा हो" म्हणायच्या हक्काचे. आणि गंमत म्हणजे एवढे पैसे मोजून घेतलेला हा हक्क बहुतेक लोक दिवसभर खिशात घालून फिरतात आणि तसाच परत आणतात.

खाजगी सहल ही हल्लीची चैन आहे असं वाटतं, पण खरं तर तीच जुनी. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंत घरचा मुलगा शिकून झाला की त्याला सोबत एक शिक्षक देऊन युरोप बघायला पाठवत. पोरगं म्हणजे अस्वल आणि शिक्षक म्हणजे त्याला फिरवणारा दरवेशी, अशी त्यांची थट्टा चाले. इटलीत उतरताना आल्प्समधली माँ सेनीची खिंड आली की बग्गी सुटी करायची, तिचे भाग खेचरांवर लादायचे आणि साहेबांना खुर्चीत बसवून हमालांनी पलीकडे न्यायचं, अशी पद्धत होती. घोळक्याची सहल त्यामानाने अलीकडची. 5 जुलै 1841 रोजी थॉमस कुकने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीने नेली, तेव्हापासून स्वस्तात, सगळ्यांनी मिळून आणि ठरल्या वेळी हिंडण्याला खरा जोर आला. त्यात अर्थातच मध्ये कुठे उतरायची सोय नव्हती. आपण आज पैसे टाकून पुन्हा त्या अस्वलाच्या जागी जाऊन बसतो. दरवेशी तेवढा आता स्टिअरिंगवर असतो.

पहिला तासभर काही बघण्यासारखं नसतं. गोदामं, पेट्रोलपंप, अर्धवट बांधलेले पूल. या वेळात मंडळींनी झोप काढावी हे उत्तम. मजा सुरू होते ती रस्त्याला पहिलं वळण आलं की.

घाटाचा रस्ता एवढा वेडावाकडा का, याचा हिशेब सोपा आहे. हजार मीटर उंची गाठायची आणि चढ शंभर मीटरला सहा मीटर एवढाच ठेवायचा, तर रस्ता जवळजवळ सतरा किलोमीटर लांब हवा. डोंगराच्या त्या बाजूला सरळ रेषेत तेवढी जागा नसते, म्हणून तो रस्ता घडी घालून बसवावा लागतो. प्रत्येक वळणाला एकदा दरी या खिडकीत, एकदा त्या खिडकीत. त्यामुळे निघताना कुठल्या बाजूला बसायचं यावरून जे रुसवेफुगवे होतात, ते घाटात आपोआप मिटतात. मळमळणाऱ्याने मात्र पुढेच बसावं आणि मोबाईल बंद करून लांबवर बघावं. कानाच्या आतलं यंत्र सांगतं आपण हेलपाटतोय, मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात सगळं जागच्या जागी आहे, आणि या भांडणाची शिक्षा पोटाला होते. ड्रायव्हरला सहसा कधी लागत नाही, कारण गाडी कुठे वळणार ते त्याच्या शरीराला आधीच ठाऊक असतं.

कान बंद होतात त्याच सुमाराला मागच्या सीटवरचं वेफर्सचं पाकीट फुगू लागतं. हे मी मुद्दाम हातात घेऊन बघितलंय. शहरात विकत घेतलं तेव्हा जरा दबलेलं, अर्ध्या घाटात घट्ट आणि वर पोचेपर्यंत असं टम्म की शिवण आत्ता फुटेल असं वाटावं. बाहेरच्या हवेचा दाब हजार मीटरवर सुमारे एक नवमांशाने उतरलेला असतो. पाकिटातली हवा मात्र अजून किनाऱ्यावरचीच. 19 सप्टेंबर 1648 रोजी फ्रान्समध्ये फ्लोराँ पेरिए हा गृहस्थ, आपला मेव्हणा ब्लेझ पास्कल याच्या सांगण्यावरून, पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम हा डोंगर चढला आणि वर पारा आठ-साडेआठ सेंटिमीटरने खाली आल्याचं त्याने मोजलं. खाली मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवून एका धर्मगुरूला दिवसभर तिच्याकडे बघत बसवलं होतं. तिच्यातला पारा जागचा हलला नाही. त्या धर्मगुरूची मला कीव येते. सहल एकाची, आणि पहारा दुसऱ्याचा. आता हाच प्रयोग प्रत्येक पर्यटक मागच्या सीटवर करतो आणि वर पोचल्यावर फोडून खातो.

आता थांबण्याकडे येतो. ड्रायव्हरचे स्वतःचे थांबे ठरलेले असतात. कठडा बांधलेला एक पॉइंट, जिथे आधीच चार बस उभ्या असतात. एक दुकान, जिथे "नुसतं बघा, घेतलंच पाहिजे असं नाही." त्या दुकानातून त्याला काही सुटतं हे आपल्याला कळतं, आपल्याला कळलंय हे त्यालाही कळतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एकदा ते दुकान टाळून बघितलं, तर पुढे दोन तास गाडीत गाणीच बंद झाली.

आपल्याला थांबायचं असतं ते वेगळ्याच ठिकाणी. रस्त्यात एकदम पाण्याची धार दिसते. एखाद्या वळणावर झाडांची जातच बदललेली दिसते. पण तोंडातून शब्द निघेपर्यंत गाडी दोन वळणं पुढे गेलेली असते. ड्रायव्हर म्हणतो, "पुढे याच्याहून मस्त आहे." हे वाक्य जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांना कोणीतरी एकत्र बसवून शिकवलं असावं. शिवाय ऐन वळणावर गाडी उभी करता येत नाही, हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. मग आपण गप्प बसतो. पैसे आपले, गाडी आपली, तरी शाळेत मास्तरांना पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायचं, तसा संकोच होतो.

एका सहलीत आमची गाडी मध्येच थांबली ती धाकट्या भाचीला मळमळलं म्हणून. जागा अगदी टुकार: खडीचा ढीग, डांबराचं रिकामं पिंप आणि एक मोरी. भाचीला वहिनीकडे सोपवून बाकीचे कठड्याशी जाऊन उभे राहिलो. खाली समुद्र दिसत होता, पण खाली म्हणावा तसा नव्हता. उंचावर गेलं की समुद्र पायांशी अंथरलेला दिसेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात क्षितिज आपल्याबरोबर वर येतं, जवळजवळ डोळ्यांच्या रेषेतच राहतं, आणि मधलं सगळं पाणी निळ्या भिंतीसारखं उभं राहिल्यागत दिसतं. किनाऱ्यावर उभ्या माणसाला जेमतेम पाच किलोमीटरवर समुद्र संपलेला दिसतो. हजार मीटरवर गेलं की हवा स्वच्छ असेल तर शंभराच्या वर. सकाळी हॉटेलच्या गच्चीवरून क्षितिजावर ठिपका दिसलेलं जहाज मी शोधत होतो, तर त्याच्याही पलीकडे आणखी तीन जहाजं आणि पुढे कितीतरी पाणी. पॉइंटवर हेच दिसलं असतं का? दिसलं असतं. पण तिथे आपण पाठ करून उभे असतो, कारण फोटोत समुद्र मागे यायला हवा.

थंडीही तिथेच कळली. गाडीत काच बंद, एसी चालू, त्यामुळे दर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास तापमान उतरतं हे पुस्तकातच राहतं. दार उघडून उतरलो तेव्हा सगळ्यांनी एकदमच हात चोळले. ड्रायव्हरने वर बोट दाखवून सांगितलं, लवकर आटपा, तासाभरात ढग येईल. आणि आला. दिवस तापला की समुद्रावरची दमट हवा उतार चढू लागते, वर जाताना गार होते आणि तिचं धुकं होतं. त्या 'सकाळी आठला'मागचं कारण हेच. मी आजवर ते टूरवाल्यांच्या सोयीचं समजत होतो.

काही ठिकाणी तर मध्ये थांबणं ही चैन नसतेच. हवाई बेटावर हिलो या किनाऱ्यावरच्या शहरातून मौना केआच्या 4205 मीटर उंच माथ्यावर दोनेक तासांत गाडीने पोचता येतं. समुद्रसपाटीवरून इतक्या झटपट एवढं वर गेलेलं शरीराला झेपत नाही, म्हणून सुमारे 2800 मीटरवरच्या पर्यटक केंद्रात निदान अर्धा तास थांबून मग पुढे जा असं सांगतात. तिथे गाडी खाजगी असो की दहा जणांची, फरक पडत नाही.

वरच्या ठिकाणांबद्दल फार सांगत नाही. ती छानच असतात, त्यासाठीच सगळे जातात.

उतरताना गाडीतले सगळे झोपतात, आणि नेमके तेव्हाच कान जास्त दुखतात. चढताना कानातली हवा आपसूक बाहेर निसटते. उतरताना ती आत घ्यायला गिळावं लागतं, जांभई द्यावी लागते. जागा असतो तो ड्रायव्हर. तो गिअर खाली घेऊन इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवतो, कारण सतरा किलोमीटर नुसते ब्रेक दाबत आलं तर ते तापून ऐन वेळी लागेनासे होतात. वर प्यायलेल्या पाण्याची झाकण लावलेली रिकामी बाटली खाली येईपर्यंत कोणी आवळल्यासारखी चपटी होते. पेरिएचा प्रयोग उलट्या बाजूने.

हल्ली मी निघतानाच सांगून ठेवतो: तीन थांबे आमचे. कुठे ते तेव्हाच सांगू, जागा बघून सावकाश बाजूला घ्या, कारण विचारू नका. परवाच्या ड्रायव्हरने मान डोलावली, पण पहिल्याच थांब्याला त्याला राहवलं नाही.

"बाथरूमला जायचंय का? पुढे चांगली सोय आहे."

"नाही."

"फोटो?"

"नाही हो, उगाच."

त्याने एकदा दरीकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं, बॉनेट उघडून उगाच पाणी तपासलं आणि आम्ही परत बसेपर्यंत फडक्याने काच पुसत राहिला. तिसऱ्या थांब्याला मात्र जागा त्यानेच सुचवली, आणि ती खरोखर चांगली होती.

संध्याकाळी हॉटेलच्या दारात पावती हातात आली. ठरलेल्या भाड्याखाली आणखी एक ओळ होती, 'जादा थांबण्याचा आकार.' म्हणजे तो हक्क भाड्यात धरलेलाच नव्हता, सुटा मिळतो. ड्रायव्हरने खांदे उडवले आणि ते ऑफिसवाले लावतात म्हणाला. मी पहिल्या दोन थांब्यांचे निमूट दिले. तिसरा थांबा तुमचा होता, असं म्हटल्यावर तो हसला आणि ती रक्कम त्याने पेनाने खोडून कमी केली.