पीजे नसलेलं पाचोरा

अजिंठ्याला जाणारे बहुतेक जण जळगावला उतरतात. मी हट्टाने पाचोऱ्याला उतरलो. पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर नॅरोगेज, बंद आहे हे ठाऊक होतं. अडीच फुटी रुळांवरचा तो ५६ किलोमीटरचा प्रवास २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबला, तो थांबलाच. ब्रॉडगेज करून मार्ग पुढे बोदवडपर्यंत न्यायला मंजुरी आहे म्हणतात. तोवर लोकांनी जायचं कसं? काळीपिवळीने!

स्टेशनबाहेर एका काळीपिवळीत आम्हाला असं कोंबलं की माझा एक गुडघा शेजारच्याच्या पिशवीतच राहिला. पुढ्यात एक आजी तुरीच्या हिरव्या शेंगांचं टोपलं मांडीवर घेऊन बसलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, टोपलं वर टाका." त्या ढिम्म. "वर टाकशीन त् शेंगा सुकून जातीन ना भो!"

मग शेंदुर्णीपर्यंत पीजेचाच विषय. आजी पाचोऱ्यात माल घ्यायच्या आणि डब्यात फरशीवर पोतं पसरून शेंगा निवडायच्या. किडक्या बाजूला, भरलेल्या बाजूला. वरखेडी, पिंपळगाव करत शेंदुर्णी येईस्तोवर वाटे लागलेले असत आणि पहूरला उतरण्याआधी निम्मा माल डब्यातच खपलेला. गिऱ्हाईक कोण, तर समोरच्या बाकावरचे मास्तर, दवाखान्यातून परतणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं. म्हणजे पहूरच्या बाजाराआधी एक बाजार गाडीतच भरायचा. सायकलवाला पुढे जाईल म्हणून या गाडीची आपण सगळ्यांनी टिंगल केली, पण तिच्या त्याच संथपणावर आजींचा धंदा चालायचा.

काळीपिवळीत शेंगा निवडायला हात हलवायचीही सोय नाही. भाडं मात्र टोपल्याचंही वेगळं.

"मोठी गाडी येईन, पण वरखेडीले थांबीन का?" मागून कुणीतरी विचारलं. एक म्हणाला थांबेल, दुसरा म्हणाला एक्स्प्रेस कशाला थांबते. ड्रायव्हर गप्प होता. मोठी गाडी थांबली तर त्याचं भाडं जाणार होतं.

पहूरला आजी उतरल्या. टोपल्याच्या भाड्यावरून त्यांनी ड्रायव्हरशी असा काही वाद घातला की शेवटी त्याने हात जोडले.

अजिंठा पाहिला. पद्मपाणीचं भित्तिचित्र सुंदर आहे, गर्दी असह्य. पुढच्या वेळी सोमवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.