मॅन्युअल नसलेला सिरियल बारकोड स्कॅनर लिनक्सवर

जुन्या बाजारात हातातले बारकोड स्कॅनर पडेल भावात मिळतात. नऊ पिनांचा प्लग, लेबल घासून गेलेलं, कागद एकही नाही. यूएसबीचा असता तर कीबोर्ड म्हणून आपोआप ओळखला गेला असता. सिरियलचा आपल्याबद्दल अवाक्षर काढत नाही. पण त्याला वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. शोधायचं एवढंच की वीज कुठून, तार कोणती, वेग किती आणि पॅरिटी, म्हणजे चूक ओळखायला जोडलेला जादा बिट, कुठली.

आधी मल्टिमीटर काढा, संगणकाला अजून काही जोडू नका. प्लगच्या बुडाशी गोल जॅक असेल तर बहुधा ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. आतली पिन प्लस की मायनस ते नीट बघा. जॅक नसेल तर पिन ९ वर ५ व्होल्ट हवे असण्याची शक्यता मोठी. काही बिलिंग मशीनचे पोर्ट ते देतात, साध्या संगणकाचा देत नाही. वीज मिळाली की पिन ५ ग्राउंड धरून मोजा. जिथे उणे ५ ते उणे १० व्होल्ट दिसतील ती स्कॅनरची पाठवणारी तार. ती पिन २ वर असेल तर सरळ जोडा, ३ वर असेल तर मध्ये पाठवणारी आणि घेणारी तार अदलाबदल करणारा नल मोडेम अडॅप्टर घाला. उणे काहीच नाही आणि एखाद्या पिनवर ३.३ किंवा ५ व्होल्ट स्थिर दिसतात? मग तो टीटीएल पातळीचा, म्हणजे उणे व्होल्ट न वापरणारा असू शकतो, त्याला नेहमीच्या सिरियल पोर्टचा (आरएस-२३२) यूएसबी कन्व्हर्टर चालणार नाही.

यूएसबी कन्व्हर्टर सीएच३४० चिपचा आणि उबुंटू २२.०४ असेल तर पोर्ट दिसतो न दिसतो तोच गायब होऊ शकतो. ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय (brltty) हा प्रोग्रॅम तो बळकावतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर स्वतःला सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट (dialout) गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

आता पोर्टची सेटिंग लावणाऱ्या एसटीटीवाय (stty) कमांडने वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, रॉ मोड (बाइट जसेच्या तसे) असं लावा आणि येणारे बाइट हेक्समध्ये दाखवणाऱ्या एक्सएक्सडी (xxd) मधून बघा. नुसत्या कॅट (cat) कमांडवर विसंबू नका, सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं चिन्ह) आला की ओळ स्वतःवरच लिहिली जाते. स्कॅन करायला ८९० ने सुरू होणारा बिस्किटाचा पुडा उत्तम, कारण काय यायला हवं ते छापलेलंच असतं. ३८ ३९ ३०, म्हणजे ८, ९, ० चे हेक्स कोड, आले तर जिंकलात. निव्वळ कचरा आला तर वेग चुकला. ४८००, १९२००, ३८४०० करून बघा.

खरी फसगत बी८ ३९ ३० आल्यावर होते. काही अंक बरोबर, काही भलतेच. लोक केबलला दोष देतात. केबल ठणठणीत असते. स्कॅनर सात बिट आणि सम पॅरिटीने पाठवतोय, आणि तो पॅरिटीचा बिट आपण आठवा बिट म्हणून वाचतोय. म्हणून १, २, ४, ७, ८ बिघडतात. ०, ३, ५, ६, ९ शाबूत राहतात. दोन्ही पद्धतींत एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिटच लागतात, त्यामुळे फ्रेमिंगची (अक्षराची सुरुवात-शेवट न जुळण्याची) चूकही दिसत नाही. सात बिट, सम पॅरिटी लावा, संपलं.

बीप वाजतो पण बाइट येत नाहीत? बीपचा अर्थ सहसा कोड वाचला गेला एवढाच. स्कॅनर बहुधा पाठवायच्या परवानगीची वाट बघतोय. स्कॅनरच्या प्लगवर पिन ७ आणि ८ एकमेकींना जोडून बघा. इंटरनेटवर सापडलेले सेटिंगचे बारकोड मात्र मॉडेल कळल्याशिवाय दाखवू नका. सेटिंग बदलून बसलं तर परत आणायला मॅन्युअलच लागेल.

दोन कन्व्हर्टर असतील तर पोर्टचा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो. स्वस्त सीएच३४० ना वेगळा सिरियल नंबर नसतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये यूएसबी खोबणीवरून ठरणारा बाय-पाथचा (/dev/serial/by-path) पत्ता द्या आणि प्लग त्याच यूएसबी खोबणीत ठेवा.